वन्स मोअर

परवाच्या सभागृहातल्या कार्यक्रमातला तो वन्स मोअर काही डोक्यातून जात नाही.

आला तो नेमका घाटकोपरच्या रमाबाईनगर गोळीबाराच्या गाण्यावर. ११ जुलै १९९७. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला, माणसं हायवेवर उतरली, राखीव दलाने गोळ्या झाडल्या, १० जण गेले. आमचे शाहीर दादा हे सगळं तारखेसकट गातात. शेवटच्या कडव्याला ढोलकी थांबते आणि मागे साथ करणाऱ्या आम्ही दोघी नुसती झील ओढतो, म्हणजे शेवटचा सूर लांबवतो. ती पुरती संपायच्या आत तिसऱ्या रांगेतून आवाज, "वन्स मोअर! काय ठेका आहे!"

ठेका.

दादांनी मान झुकवली, ढोलकीला खूण केली, पुन्हा पहिल्यापासून. मीही गायले. आवाज जरासुद्धा हलला नाही माझा. बहुतेक त्याचंच जास्त लागलंय.

लोकलमध्ये नाही नाही ते मनात आलं. इतकी वर्षं घसा फोडून काय मिळवलं, वगैरे. भाऊ मागे बोलला होता तेही आठवलं. असो. मानधनाचं पाकीट अजून पर्समध्येच आहे, उघडलेलं नाही.

वस्तीत असं होत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. साफ खोटं. वस्तीत तर गाणं मध्येच तोडून "अमुक भाऊंकडून १० रुपये, मंडळ आभारी आहे" म्हणावं लागतं. गोळीबाराच्या कडव्यातसुद्धा. तेव्हा कधी काही वाटलं नाही. का नाही वाटलं? नोट देणारा खाली बसता बसता पुढची ओळ आमच्याबरोबर म्हणत असतो म्हणून? एकदा दादांनी कडव्यांची उलटापालट केली, तर पुढे बसलेल्या म्हातारीने तिथूनच हटकलं, "आधी हार, मग हायवे!" सगळी वस्ती हसली आणि दादांनी मुकाट्याने पुन्हा सुरुवात केली. परवाच्या सभागृहात १० ऐवजी ६ म्हटले असते तरी कुणी हटकलं नसतं. टाळ्या तेवढ्याच पडल्या असत्या.

पण मग वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांवर वरातीत नाचतात, तेव्हा मीही नाचतेच की. जोतिबांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलसेवाल्यांनी साचा उचलला तोही तमाशाचाच. माणसं यायची बतावणीला हसायला, आणि हसता हसता सावकार नि भटशाहीवरचं ऐकून जायची. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशालाही लोक मजा घ्यायलाच जमत असणार. ठेका कुणाला नको होता? ठेक्यासाठीच तर ढोलकी ठेवलीय आपण.

तरी त्या माणसाचा चेहरा आठवला की पुन्हा टोचतं. भला दिसत होता हो. तेच तर.

आज दादांना विचारलंच, तुम्हाला काही वाटलं नाही का. तंबाखू मळत म्हणाले, "वाटलं की. पण एकदा ऐकून सुटला असता तो. दोनदा ऐकावं लागलं." मला हसू आलं, रागही आला. दादांचं हे नेहमीचंच. कशातही फायदा काढतात.

वर सांगतात, त्यांनी पुढच्या वर्षीही बोलावलंय. आणि हेच गाणं हवंय.

जाऊ म्हटलं. फक्त झीलेला आणखी एक माइक मागा, नि पाकीटही जरा जाड करायला सांगा.