त्रिनिदाद : ओव्हल बघून झाल्यावर दक्षिणेची मॅक्सी पकडा

त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला उतरल्यावर पहिल्याच सकाळी क्वीन्स पार्क ओव्हल गाठलं. 1971 साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते इथे. सरदेसाईंचं शतक आणि गावसकरांचं पदार्पण त्याच कसोटीतलं. वडिलांकडून ऐकत मोठा झालो, त्यामुळे मैदान बघताना गळा दाटून आला. पण आज मनात घर करून आहे तो राजधानीतून दक्षिणेला जाणारा रस्ता. हा देश पर्यटनावर जगत नाही, तेल आणि गॅसवर जगतो, आणि ते या रस्त्यावरच कळतं.

साउथ की भागातल्या सिटी गेट तळावरून हिरव्या पट्ट्याची मॅक्सी टॅक्सी, म्हणजे मिनीबस, सॅन फर्नांडोला जाते. तिथून पुढे ला ब्रेआ गावाकडे तपकिरी पट्ट्याची. पट्ट्याचा रंग बघूनच चढा. सुटे पैसे हवेत. सकाळी निघा आणि उजेड आहे तोवर परता. अंधार पडल्यावर राजधानीत पायी भटकू नका, तिथली माणसंही हेच बजावतात.

ला ब्रेआचं डांबराचं तळं सुमारे 100 एकरांचं आहे. नैसर्गिक डांबराचा जगातला सर्वांत मोठा साठा. दुरून पार्किंगची जागा वाटते. पाय ठेवला की हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या दिसतात, मधल्या खळग्यांत पावसाचं पाणी आणि गंधकाचा वास. वाटाड्याने काठी मऊ जागी खुपसून वर ओढली, तर काकवीसारखी काळी तार लांबत गेली. वाटाड्याशिवाय आत जाऊच नका, काही ठिकाणी पाय रुततो. पैसे किती ते आधी ठरवा. इथलं डांबर परदेशातल्या रस्त्यांवर गेलं, आणि गावातली घरं मात्र खालची जमीन सरकत असल्याने कललेली. मला ते बघवलं नाही.

परतीच्या वाटेवर पॉइंट-ए-पिएरची रिफायनरी लागते. सरकारने ती 2018 मध्ये बंद केली, हजारो कामगार घरी गेले. तिच्याच आवारात पाणपक्ष्यांचं राखीव तळं आहे. आधी फोन करूनच जावं लागतं. पुढे पॉइंट लिसास. अमोनिया आणि मिथेनॉलच्या जगातल्या मोठ्या निर्यातदारांत हा 14 लाख वस्तीचा देश बसतो तो या कारखान्यांमुळे. पॉइंट फोर्टिनहून 1999 पासून द्रवरूप गॅसही परदेशी जातो. पण 2010 नंतर गॅसचं उत्पादन उतरत गेलंय आणि त्याबरोबर डॉलरची आवकही.

याची झळ प्रवाशालाही लागते. अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात स्थानिक डॉलर मिळतात, पण उरलेले स्थानिक पैसे परत बदलून मिळणं कठीण. निघताना माझ्याकडे बरेच उरले होते, ते तसेच घरी आले. दोन-तीन दिवसांपुरतेच बदला.

कारापिचैमाजवळ वॉटरलूला उतराच. भोवती एके काळी उसाचे मळे होते. सरकारी साखर कंपनीने 2003 मध्ये सुमारे 9 हजार कामगार कमी केले, आणि काही वर्षांत साखर संपलीच. 1845 पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, आले ते याच उसासाठी, बहुतेक भोजपुरी मुलखातले. सेवदास साधू हे मळ्यातले मजूर. त्यांनी साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. ते पाडलं गेलं, त्यांना तुरुंगात टाकलं. मग त्यांनी सायकलवरून दगडमाती वाहून समुद्रातच भर घातली आणि तिथे देऊळ उभारलं, वर्षानुवर्षं खपून. ओहोटीला गेलात तर भोवती नुसता चिखल आणि बगळे. मी कठड्याला टेकून अर्धा तास नुसता बसलो होतो.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी डबल्स : दोन मऊ ‘बारा’, म्हणजे तळलेल्या पुऱ्या, त्यात छोल्यांची आमटी. बारा म्हणजे आपल्या वड्याचाच भाऊबंद. तिखट बेताचं हवं तर ‘स्लाइट पेपर’ म्हणा.

मुंबईहून थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा लंडनमार्गे जाताना तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकिटाआधी बघा. वीज 115 व्होल्टची, आपले प्लग बसत नाहीत. लष्करी नक्षीचे कपडे तिथे कायद्याने बंद आहेत, बॅगेतसुद्धा ठेवू नका. शेवटची दुपार कारोनीच्या खारफुटीसाठी राखा. होडी चारच्या सुमारास सुटते, आणि सूर्य कलताना लालभडक आयबिस पक्षी थव्यांनी झाडांवर उतरतात. डास फार, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.