आधी परवानगी, मग प्रश्नावली

या सत्रात इथे आयोवात एमबीएच्या मुलांना बिझनेस रिसर्च मेथड्स शिकवतेय आणि सध्या निम्मा जीव आयआरबीत अडकलाय. माणसांवर संशोधन करायचं तर विद्यापीठाच्या या समितीची आधी मान्यता लागते. वर्गापुरत्या सरावाला सहसा लागत नाही, पण माझ्या एका विद्यार्थिनीला तिचं काम परिषदेत मांडायचंय.

ती एका रेस्टॉरंटमध्ये शिफ्ट मॅनेजर आहे. विषय, वेटर नोकरी का सोडतात. प्रश्नावलीत कुणाचं नाव नाही, फोन नंबर नाही. तरी अर्ज परत! शेरा असा, की हाताखालच्या माणसाला तुम्हाला नकार देता येईल का?

मी भयंकर चिडले. सत्र जेमतेम पंधरा आठवड्यांचं, त्यात हे. पण मग तिला विचारलं, शनिवारी रात्रीची ड्युटी कुणाला, हे कोण ठरवतं? "मीच." टिप सगळ्यात जास्त तेव्हाच मिळते. मग वेटर फॉर्म भरणारच आणि वर गोडगोड उत्तरं देणार! समितीचं अगदी बरोबर होतं. आता ती दुसऱ्या रेस्टॉरंटांतल्या वेटरना विचारणार आहे.

हे नियम फुकट आलेले नाहीत. अमेरिकेतल्याच टस्कीगी गावात १९३२ ते १९७२ सरकारी डॉक्टर गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता पाहत राहिले. ते उघडकीला आल्यावर संशोधनातल्या माणसांना संरक्षण देणारा १९७४चा कायदा झाला, १९७९ला अशा संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा बेलमाँट अहवाल आला.

आपल्याकडे एमबीएच्या समर प्रोजेक्टचे शंभर फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर एका रात्रीत भरून होतात, ठाऊक आहे मला. पण एकेका गाइडच्या गळ्यात किती मुलं असतात, तेही बघा. म्हणून इथल्या एका सहकाऱ्याने "भारतात संशोधनाची असली शिस्त नसेल ना?" असं विचारलं, ते मला झोंबलं.

पुढच्याच तासाला मी साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे शिकवले. पिकाचा अंदाज घ्यायला शेतातला फार छोटा तुकडा कापला, तर उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं. कारण हद्दीवरची रोपं आत धरली जातात. मक्याच्या शेतात वाढलेल्या एका मुलाने लगेच फळ्यावर चौकोन काढून बाकीच्यांना समजावलं. मला फार अभिमान वाटला.

पुढच्या सत्रात सुखात्मे पहिल्याच आठवड्यात घेणार आहे. आणि समितीचे अर्जही त्याच आठवड्यात भरून घेणार.