तुम्ही विचारलंत म्हणून : एसीचा ‘कंडेन्सर’ घरी बदलता येतो का?

“बाई, एसीचा कंडेन्सर तुम्ही स्वतः बदललात म्हणे, आम्हालाही जमेल का?” हा प्रश्न गेल्या दोन उन्हाळ्यांत मला बेळगावात शहापूरच्या आमच्या गल्लीत, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर निपाणीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या माजी विद्यार्थ्याच्या आईकडूनही विचारला गेला, तेव्हा त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे ठरवले. जमेल, असेच माझे उत्तर आहे. मात्र जुना काढून नवा बसवणे हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि त्याआधी जो अर्धा तास घालवावा लागतो त्याविषयी मला आजवर कोणीही विचारलेले नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे पंख्यातल्या, पाण्याच्या मोटरीतल्या आणि एसीतल्या कपॅसिटरला सरसकट कंडेन्सर म्हणतात. पण एसीच्या बाहेरच्या युनिटात उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची जी जाळी असते, तिचेही नाव कंडेन्सरच आहे. आमच्या शेजारच्या वहिनींना मेकॅनिकने फोनवर “कंडेन्सर गेलाय” एवढेच सांगितले आणि त्यांनी कुणाकडून तरी जाळीची किंमत ऐकून एसी भंगारात काढायची तयारी केली होती. प्रत्यक्षात गेला होता तो काही शे रुपयांचा डबा. म्हणून दुकानात जाताना कपॅसिटर हा शब्द वापरावा, आणि शक्यतो जुना डबाच सोबत न्यावा.

हा डबा करतो काय, ते मी वर्गात जात्याचा दाखला देऊन सांगत असे. जात्याच्या खुंट्याला धरलेला हात नुसता सरळ पुढेमागे हलत राहिला तर जाते जागच्या जागी हिसके खाते, फिरत नाही. पाव फेरीच्या अंतराने बाजूने दुसरा हात लागला की ते फिरू लागते. घरातली एक फेजची वीज ही अशी पुढेमागे करणारी आहे. कपॅसिटर मोटरीच्या दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह थोडा पुढे सरकवतो आणि त्या दुसऱ्या हाताचे काम करतो. तो निकामी झाला की मोटर नुसती गुरगुरते.

आमचा दीड टनी एसी २०१६ साली सासूबाईंच्या आजारपणात घेतलेला, साध्या, म्हणजे इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणारा) नसलेल्या प्रकारातला. एका एप्रिलमध्ये, दुपारी वळिवाने झोडपून वीज दोन-तीनदा गेली-आली, त्यानंतर आतला पंखा वारा देत राहिला पण तो वारा गार होईना. गच्चीवर जाऊन ऐकले तर बाहेरच्या युनिटाचा पंखा फिरत होता, आतून पाच-सहा सेकंद जड ‘घूंऽऽ’ असा आवाज येई, मग ‘टक्’ होऊन सगळे शांत, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. कॉम्प्रेसर सुरू होण्यासाठी धडपडतो, नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढतो, तापतो आणि त्याच्यावरचे ओव्हरलोड नावाचे संरक्षक बटण त्याची वीज तोडते, असा याचा अर्थ. हा खेळ ऐकू आला की एसी तत्काळ बंद करावा, कारण अशा प्रत्येक प्रयत्नात कॉम्प्रेसरचे वाइंडिंग भाजत असते, आणि कॉम्प्रेसर गेला की मग खर्च खरोखरच वहिनींच्या आकड्यापर्यंत जातो. उलट, बाहेरचा पंखाच थांबलेला असेल तर दोष पंख्याच्या कपॅसिटरचा असू शकतो. अशा वेळी काडीने पाते ढकलून पंखा सुरू करणारे महाभाग मी पाहिले आहेत. पाते फिरूही लागते, पण बोटे जपायची असतील तर तो प्रयोग करू नये. एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) लावताक्षणी पडत असेल किंवा आतल्या कॉइलवर बर्फ धरत असेल, तर मात्र कपॅसिटरच्या मागे लागू नये. ती दुखणी वेगळी आहेत.

आता तो अर्धा तास. उद्यमबागेत मोटर वाइंडिंगचे दुकान चालवणारे एक कन्नडभाषक मामा आहेत. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मोटरी ते दुरुस्त करत, आणि मी त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे : “अक्का, रिमोट बंद म्हणजे करंट बंद न्हवं.” मी हसून म्हटले की एवढे मला कळते, आणि एसीजवळच्या पेटीतला एमसीबी खाली ओढून गच्चीवर गेले. बाहेरच्या युनिटाच्या बाजूचे झाकण चार स्क्रूंनी बसवलेले असते. ते काढून, जिथे धोका असण्याचे काहीच कारण नव्हते अशा न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या तारेच्या) टर्मिनलला, केवळ सवय म्हणून मी टेस्टर लावला. दुपारच्या लख्ख उन्हात टेस्टरमधला दिवा दिसत नाही, म्हणून त्याच्यावर पदराचा आडोसा केला, आणि त्या सावलीत तो नारिंगी ठिपका पेटलेला दिसला.

एमसीबी बंद, रिमोट बंद, आणि न्यूट्रलला फेज! आमच्या जुन्या घराच्या वायरिंगमध्ये कुणीतरी कधीतरी त्या पेटीपर्यंत येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली होती. पेटीतला एकेरी, म्हणजे एकच तार तोडणारा, एमसीबी त्यामुळे फेजऐवजी न्यूट्रल तोडत होता. एसी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालला, कारण चालण्यासाठी त्याला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो हात घालणाऱ्याला. मी तशीच खाली आले, घराचा दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच पाडला, टेस्टर आधी शेजारच्या घरातल्या चालू प्लगला लावून तो पेटतो याची खात्री केली, आणि मगच पुन्हा वर जाऊन प्रत्येक टर्मिनल टेस्टरने, नंतर मल्टिमीटरनेही तपासले. पुढच्या आठवड्यात वायरमन बोलावून त्या तारा सरळ करून घेतल्या. तुमचे घर जुने असेल तर हे काम कपॅसिटरच्या आधी करून घ्या, इतकी माझी विनंती आहे.

वीज पूर्ण तोडल्यावरही कपॅसिटर भरलेला असू शकतो. कॉम्प्रेसरच्या डब्यावर ४४० व्होल्ट असे छापलेले असते ते उगाच नाही. चालू असताना त्याच्या दोन टोकांत घरच्या २३० व्होल्टहून अधिक दाब असतो. बरेच जण तो पेचकसाने दोन टोके जोडून रिकामा करतात. ठिणगी उडते, पेचकसाचे टोक करपते, आणि कधी टर्मिनलही खराब होते. मामांनी मला होल्डरला दोन तारा जोडलेला साधा पिवळा, तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) वापरायला सांगितला होता. तारांची सोललेली टोके हाताला न लागता टर्मिनलवर टेकवायची, की साठलेली वीज बल्बमधून निघून जाते. बल्ब डोळ्यांना दिसेल असा पेटेलच असे नाही, म्हणून नंतर मीटर लावून व्होल्ट शून्यावर आल्याची खात्री करायची. आमच्यासारखा कॉम्प्रेसर आणि पंखा या दोघांचा मिळून एकच डबा असेल तर त्यावर तीन टर्मिनल असतात : सी, हर्म आणि फॅन. ‘सी’ दोघांची सामाईक बाजू, ‘हर्म’ कॉम्प्रेसरची. त्यामुळे ‘सी’पासून दोन्हींकडे, अशी दोन्ही जोड्यांची वीज काढावी लागते.

त्यानंतर तारांचा फोटो काढला आणि डबा बाहेर घेतला. डोक्याची सपाट ताटली टम्म फुगली होती, कडेला तेलाचा चिकट ओघळ होता आणि त्यात चार-पाच लाल मुंग्या चिकटून मेल्या होत्या. असे दिसले तर मोजायचीही गरज नसते. पण डबा बाहेरून धडधाकट आणि आतून निकामी असेही पुष्कळदा होते, म्हणून मीटरने मोजावे. आमच्या डब्यावर ४५ अधिक ५ मायक्रोफॅरड (कपॅसिटरची क्षमता मोजायचे एकक), कमीजास्त ५ टक्के, असे छापले होते; म्हणजे कॉम्प्रेसरच्या बाजूला साधारण ४३ ते ४७ च्या दरम्यान काहीतरी यायला हवे होते, ते आले २८. आतल्या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवरचा धातूचा थर उष्णतेने आणि दाबाच्या चढउताराने ठिकठिकाणी जळत जातो आणि क्षमता हळूहळू घटते. वळिवाने शेवटचा धक्का दिला असावा. पण हा डबा आधीच काही उन्हाळे झिजत होता.

खडेबाजारातल्या दुकानदाराने “४५ चा संपला, ५० चा न्या, चालतंय” असे सांगितले. तसे चालवू नये. मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. व्होल्टचा आकडा मात्र तेवढा किंवा जास्त असला तरी चालतो, कमी कधीही नाही. मी दुसऱ्या दुकानातून ४५ अधिक ५ चाच आणला, तारा फोटोप्रमाणे लावल्या, आणि जी एक क्लिप सैल बसत होती ती पक्कडीने किंचित दाबून घट्ट केली, कारण सैल क्लिप तापते आणि नवा डबाही लवकर घालवते. डबा पट्ट्यात आवळला, झाकण लावले आणि त्यानंतरच मेन चालू केला. तीन मिनिटे काहीच झाले नाही, आणि माझा जीव खालीवर झाला. ही थांबण्याची वेळ एसीतच ठरवलेली असते, हे मी वर्गात कितीदा सांगितले होते! मग कॉम्प्रेसर एका दमात सुरू झाला आणि दहाएक मिनिटांनी पाण्याच्या नळीतून पहिला थेंब पडला.

आता कोणी हे करू नये, तेही सांगते. तिलकवाडीतल्या एका गृहस्थांचे युनिट तिसऱ्या मजल्याच्या भिंतीबाहेर ब्रॅकेटवर लटकलेले आहे. त्यांना मी सरळ नाही म्हटले, कारण तिथे विजेपेक्षा उंचीचा धोका मोठा आहे. ज्यांचा एसी अजून हमीत आहे त्यांनीही झाकण उघडू नये. आणि ज्यांचा एसी इन्व्हर्टर प्रकारचा आहे त्यांनी हे सगळे विसरून जावे : त्यात कॉम्प्रेसरला असा डबा नसतोच, बोर्डावरचे कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही मिनिटे तीनशेहून अधिक व्होल्ट धरून असतात, आणि ते काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचे आहे. हल्ली विकले जाणारे बहुतेक स्प्लिट एसी याच प्रकारचे असल्याने, मला विचारणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारते तो ‘एसी इन्व्हर्टरचा आहे का?’ हाच, आणि निम्म्यांशी बोलणे तिथेच संपते.

उरलेल्यांपैकी कुणाचा नवा डबाही दोन-तीन महिन्यांत गेला तर तिसरा आणू नका. कॉम्प्रेसर किती अँपिअर ओढतो ते क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरने) मोजून घ्या. तो मीटर माझ्याकडे नाही. उद्यमबागेत मामांकडे आहे.