केमिकल आहे का? आहे की!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी घरी शॉवर बटर (आंघोळीत अंगाला लावायचं तेलकट बटर) आणि बॉडी स्क्रब (अंग घासायचं साखर-तेलाचं मिश्रण) करते हे आता ओळखीपाळखीत सगळ्यांना माहीत झालंय. डबी हातात घेतली की बहुतेकींचा पहिला प्रश्न ठरलेला: "घरचं आहे, म्हणजे यात केमिकल नाही ना हो?" मी "आहे" म्हणते. मग डबी हळूच टेबलावर परत जाते आणि विषय पावसावर येतो.

'पाणी हेसुद्धा केमिकलच' असलं शाळेच्या पुस्तकातलं उत्तर मी देत नाही. विचारणारीला काय म्हणायचंय ते मला कळतं. आपल्या स्वयंपाकघरात नसतं असं काही यात घातलंय का, एवढंच तिला हवं असतं. तर मुख्य अशा दोन गोष्टी घातल्यात, इमल्सिफाइंग वॅक्स (तेल-पाणी एकत्र मिसळू देणारं मेण) आणि प्रिझर्वेटिव्ह (बुरशी-जिवाणू वाढू न देणारं), आणि दोन्ही मुद्दाम पैसे मोजून आणलेल्या आहेत.

आधी वॅक्सचं. शॉवर बटर आंघोळ संपता संपता ओल्या अंगाला चोळायचं, पाण्याने धुवायचं आणि टॉवेलने टिपायचं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हवा किती कोरडी होते ते वेगळं सांगायला नको. गीझरच्या कडकडीत पाण्याने आंघोळ करून बाहेर आलात की तासाभरात नडगीवर नखाने नाव लिहिता येतं. त्यात वाघोली-उंड्रीकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबणाचा चोथा अंगावर राहतो तो वेगळाच. अशा वेळी बाहेरून ओलावा 'देणारं' काही लागत नाही. आंघोळीचं पाणी कातडीत मुरलेलंच असतं, ते उडून जाऊ द्यायचं नाही एवढंच काम उरतं. ते तेल करतं. पण नुसतं तेल ओल्या अंगाला नीट पसरत नाही, जाड थर बसतो आणि आठवड्याभरात टॉवेलला खवट वास मारायला लागतो. वॅक्समुळे पाणी लागताच बटरचं दूध होतं, जास्तीचं तेल वाहून जातं आणि पातळ पापुद्रा तेवढा मागे राहतो.

हे काम आपल्याकडे उटणं करतंच की. नरकचतुर्दशीला आधी कोमट तिळाचं तेल जिरवायचं, मग नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद घातलेलं उटणं लावायचं. भुकटी जास्तीचं तेल ओढून घेते, मळ काढते आणि थोडं तेल अंगावर राहू देते.

इथे काकू लोक मला पकडतात. "मग आमच्या आजीच्या उटण्यात कुठे होतं तुमचं प्रिझर्वेटिव्ह?" नव्हतं, कारण लागतच नव्हतं. उटण्याची पुडी कोरडी. वाटीत लागेल तेवढंच घ्यायचं, दुधात किंवा तेलात तिथल्या तिथे कालवायचं आणि उरलं तर टाकून द्यायचं. कोकणातून येणारा कोकमतेलाचा गोळाही तसाच. आमसुलं करून उरलेल्या बियांतून काढलेलं ते तूप नुसती चरबी असतं, पाण्याचा थेंब नाही, म्हणून फडताळात महिनोन् महिने पडून राहतं. भेगांना लावायला नखाएवढं खरवडून घेतलं की काम झालं. ओला हात त्याला लागतच नाही.

माझी डबी मात्र न्हाणीघरातल्या फळीवर वाफेत उभी असते आणि रोज तिच्यात ओली बोटं जातात. भरताना तिच्यात पाणी नसतं, आठवड्याभराने असतं. साखरेचा स्क्रब तर पाणी ओढून घ्यायला टपलेलाच असतो. वरच्या थरातली साखर विरघळून पातळ पाक झाला की तिथे बुरशीला मोकळं रान. आणि बुरशी निदान दिसते. जिवाणू वाढले तर बरेचदा रंग बदलत नाही, वासही येत नाही, आणि तेच आपण खरखरीत साखरेने घासलेल्या कातडीला चोळतो. म्हणून प्रिझर्वेटिव्ह. मी फेनॉक्सिएथॅनॉलचं, तेलात चालणारं मिश्रण वापरते, शंभर ग्रॅमला एक ग्रॅम. हे चमच्याने अंदाजे घालायचं नाही, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो.

"व्हिटॅमिन ई घातलं की पुरे," असं बऱ्याच जणी सांगतात. पुरत नाही. त्याने तेल खवट व्हायला उशीर होतो. बुरशीला आणि जिवाणूंना ते काहीच करत नाही. ताज्या कोरफडीचा गर, दही किंवा गुलाबपाकळ्या डबीत घालून ठेवणाऱ्यांशी तर मी वाद घालणं सोडलंय.

आता कृती, कारण तेही विचारता. दोनशे ग्रॅमसाठी शिया बटर (आफ्रिकेतल्या शियाच्या बियांची चरबी) ६० ग्रॅम, कोकम बटर (म्हणजे वरचं कोकमतेलच) ४०, बदामाचं किंवा तिळाचं तेल ६०, इमल्सिफाइंग वॅक्स ३०, सेटिल अल्कोहोल ६. (नाव अल्कोहोल असलं तरी ते मेणासारखे पांढरे दाणे असतात, घाबरू नका.) मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं ठेवून ७० अंशांच्या वर सगळं पूर्ण वितळवायचं. मग छोटं पातेलं उचलून बाहेरून नीट पुसायचं आणि बर्फाच्या परातीत ठेवून ढवळत राहायचं. शिया सावकाश थंड झालं तर त्यातल्या निरनिराळ्या चरब्या वेगवेगळ्या वेळी गोठतात आणि बटरमध्ये रव्यासारख्या कण्या येतात. बाधत काही नाही, पण हाताला बरं लागत नाही. ४० अंशांच्या आसपास आलं की व्हिटॅमिन ई २ ग्रॅम आणि प्रिझर्वेटिव्ह २ ग्रॅम घालून बीटरने फेटायचं. स्क्रब हवा असेल तर बासुंदीइतकं दाट झाल्यावर तेवढीच साखर मिसळायची. आधी घातलीत तर ती तळाशी जाऊन बसते. वाण्याकडची साखर जाड असते, मिक्सरमधून एकदाच फिरवा, पिठीसाखर करू नका.

उन्हाळ्यात हे प्रमाण चालत नाही. शिया पस्तिशीच्या आसपास वितळतं आणि एप्रिलमध्ये पुण्याची दुपार चाळिशीला टेकते. तेव्हा कोकम बटर वाढवायचं, ते ३८ ते ४२ अंशांपर्यंत तग धरतं. शिया आफ्रिकेतून येतं, कोकम घाट उतरला की मिळतं, तरी आपल्याकडच्या महागड्या डब्यांवर शियाचंच नाव मोठ्या अक्षरात का असतं ते मला न उलगडलेलं कोडं आहे.

मिठाचा स्क्रब मी फक्त टाचांसाठी करते. वॅक्सिंग केलेल्या पायाला मीठ लावून बघा म्हणजे कारण कळेल. लिंबू कशातच घालत नाही. लिंबाचा रस अंगाला लागून वर ऊन पडलं की काळे डाग, कधी फोडही येतात. स्क्रब चेहऱ्याला लावायचा नाही. आणि घरात सासूबाई किंवा आजोबा असतील तर आंघोळीनंतर फरशीवर गरम पाणी ओतून थोडी साबणाची पूड टाकून घासा, तेलकट फरशीवरून कोणीही घसरेल.

ज्यांना प्रिझर्वेटिव्ह नकोच, त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसरी सोय आहे, आणि ती मी अगदी मनापासून सुचवते. साखर कोरड्या बरणीत, तेल बाटलीत, दोन्ही स्वयंपाकघरात. आंघोळीला जाताना वाटीत दोन चमचे साखर, एक चमचा तेल, झाला स्क्रब. उरलं ते टाकून द्या. फक्त मग न्हाणीघरात देखणी डबी मिळणार नाही.

विकत देणार का, असं विचारलंत तर नाही. सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायची तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही आणि काढायची हौसही नाही. ओळखीतल्यांना अशीच देते. रिकामी डबी मात्र परत करताना धुऊन, पुसून, उन्हात वाळवून आणा. ओली आणलीत तर भरून मिळणार नाही.