चराईवरच्या दुग्धव्यवसायाचा गुरू कसा पारखावा

प्रशिक्षण घ्यायचं तर वर्गात नाही, कुरणावर. आणि गवत जोमात असताना नव्हे, वाढ मंदावलेल्या दिवसांत जा. भर हंगामात कुणाचंही कुरण छानच दिसतं!

शिकवणारा गवत मोजतो का, हे आधी बघा. अर्धा मीटर बाजूची चौकट टाकायची, गायी जिथवर खातात तिथवर, म्हणजे जमिनीपासून सहा-सात सेंटीमीटर सोडून वरचं गवत कापायचं, पूर्ण वाळवून तोलायचं. ४० ग्रॅम भरलं तर हेक्टरी १६०० किलो शुष्क चारा. ४५० किलोची दुभती गाय वजनाच्या साधारण ३ टक्के, म्हणजे साडेतेरा किलो खाते. ४० गायींना दिवसाला ५४० किलो, म्हणजे एक तृतीयांश हेक्टर. एका चौकटीवर विसंबू नका, आठ-दहा ठिकाणची सरासरी घ्या. हा हिशेब ज्याला बांधावर उभ्या उभ्या मांडता येत नाही, त्याची फी वाचवलेली बरी.

आयर्लंडची शेती संशोधन-सल्ला संस्था टीगास्क आणि न्यूझीलंडची दुग्धव्यवसाय संस्था डेअरीएनझेड यांची माहिती ऑनलाइन वाचता येते. पण त्यांचे आकडे मुख्यतः थंड हवेतल्या रायगवताचे. तिथला ‘काडीला तीन पानं आली की गायी चरायला सोडा’ हा नियम उष्ण प्रदेशातल्या गवतांना जसाच्या तसा लावू नका.

खाद्य किंवा बियाणं विकणाऱ्याचा फुकट सल्ला बहुधा पोत्यापाशीच येऊन थांबतो. त्यापेक्षा पाच-सहा पशुपालकांनी आळीपाळीने एकमेकांची कुरणं आणि जमाखर्च तपासावा. विचारायचं ते एवढंच: चरून झाल्यावर किती उंची उरली, किती दिवसांनी गायी परत आल्या, लिटरमागे खुराक किती?