मिश्रीची डबी

आज पाटण तालुक्यातल्या एका वाडीत गटचर्चा होती. विषय मिश्री. पंधरा बायका जमल्या, आशाताईंनी सतरंजी अंथरली, मी तोंडाच्या कॅन्सरचे फोटो पिशवीतून बाहेर काढले. एक आजी म्हणाल्या, "बाई, ह्ये आमी बगितल्यात. गावात दोगी त्यानंच गेल्या."

मी फोटो बाजूला ठेवले आणि नुसतं ऐकत बसले.

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, सकाळी दातांना लावायची. कुणाला दाढ दुखली म्हणून आईनंच लावून दिलेली, कुणाला तिच्याशिवाय परसाकडला होत नाही. एकीने सांगितलं, भांगलणीला गेलं की दुपारी भूक मरते, म्हणून लावते. हे कारण माझ्या प्रश्नावलीत नव्हतंच. भुकेवर उपाय न देता 'सोडा' म्हणायला मी कोण?

गरोदर सुनेचा विषय निघाला तेव्हा मात्र सगळ्या सावरून बसल्या. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली होती. "म्हंजी किती?" एकीने विचारलं. आशाताईंनी पिशवीतून बाळाचा वजनकाटा काढला, त्यावर मूठमूठ तांदूळ टाकत गेल्या. काटा शंभराच्या पुढे सरकला आणि सगळ्या गप्प झाल्या.

मला वाटतं, माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा ते तांदूळ जास्त बोलले. पुढच्या वाडीला आधी वजनकाटा नेणार, आणि प्रश्नावलीत भुकेचा प्रश्न घालणार.

निघताना त्या आजींनी डबी कमरेला खोचली. "सुनंला लावू देत न्हाय आता. माजं बगू."