निळ्या झग्यापासून निळ्या बाटलीपर्यंत: ‘मादाम बोव्हारी’तले रंग

‘निळा म्हणजे स्वप्न, काळा म्हणजे मृत्यू’ असा तक्ता घेऊन फ्रेंच लेखक गुस्ताव्ह फ्लोबेरची ही कादंबरी (1857) वाचली, तर तिच्यातलं सर्वांत सुंदर काम हातातून निसटतं. इथे रंगाला ठरलेला अर्थ नाही. तो एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जातो आणि जाताना आधीच्या भावनेचा डाग सोबत नेतो.

निळा घ्या. पहिल्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात शार्लला त्याची होणारी बायको एमा, म्हणजे कादंबरीची नायिका, प्रथम दिसते ती तीन झालरींच्या निळ्या मेरिनो लोकरीच्या झग्यात. दुसऱ्या भागात प्रियकर रोदोल्फसोबत ती घोड्यावरून रानात जाते, तेव्हा जाळीच्या पडद्याआड तिचा चेहरा निळसर पाण्यात पोहत असल्यासारखा भासतो. पुढे तिला रुआं शहराला जाण्यासाठी निळी घोडागाडी हवीशी वाटते. तोवर औषधविक्या ओमे आपल्या पोऱ्यावर खेकसताना सोमल या विषाची जागा सांगून बसलेला असतो: निळ्या काचेची बाटली, पिवळ्या मेणाचं सील, आत पांढरी पूड. एमा ते ऐकते. सहा प्रकरणांनंतर ती थेट तिसऱ्या फळीकडे जाते आणि त्याच निळ्या बाटलीत हात घालते. स्वप्नाचा रंग आणि विषाचा रंग एकच आहे, हे फ्लोबेर कुठेही बोलून दाखवत नाही. मला ही त्याची सर्वांत निर्दय आणि सर्वांत प्रामाणिक जागा वाटते.

माग काढायचा तर प्रत्येक उल्लेखापुढे तीन गोष्टी टिपाव्यात: रंग कोणत्या वस्तूचा, तो कोण पाहतंय, उजेड कसा आहे. नुसते उल्लेख मोजले की दुसरी नोंद राहते आणि तिथेच गफलत होते. झग्याचा निळा शार्लच्या नजरेतला, घोडागाडीचा निळा एमाच्या हव्यासातला. उजेडाची नोंद नसेल तर एमाच्या डोळ्यांपाशी गोंधळ उडतो. सुरुवातीला ते तपकिरी, पण पापण्यांमुळे काळे भासणारे. लग्नानंतर शार्ल जवळून पाहतो तेव्हा सावलीत काळे आणि उन्हात गडद निळे. अनेकांना ही लेखकाची चूक वाटते. पण शार्लला बायको कधी नीट दिसलीच नाही, हे इथे डोळ्यांच्या रंगातून कळतं. (भाषांतरात ‘निळसर’चा ‘निळा’ होऊ शकतो, शंका आली तर दुसरं भाषांतर ताडून पाहा.)

फुलपाखरांची जोडीही अशीच. पहिल्या भागाच्या शेवटी एमा लग्नाचा गुच्छ जाळते आणि त्यातला जळका कागद काळ्या फुलपाखरांसारखा धुराड्यातून उडून जातो. तिसऱ्या भागात बंद घोडागाडीच्या पिवळ्या पडद्याखालून एक उघडा हात बाहेर येतो आणि लेओं या दुसऱ्या प्रियकराला नकार कळवणाऱ्या तिच्या पत्राचे तुकडे पांढऱ्या फुलपाखरांसारखे लाल फुलांच्या शेतावर पडतात. एकदा लग्न जळतं, एकदा नकार फाटतो. रंग मात्र अपेक्षेच्या उलटे: संसारातून सुटू पाहताना काळा, पापात शिरताना पांढरा.

या सगळ्यामागचा रंग करडा आहे. ओलसर कोपऱ्यात दडणाऱ्या किड्यांसारख्या जगण्याला चढणाऱ्या बुरशीचा रंग आपल्याला पकडायचा होता, अशा अर्थाचं फ्लोबेरचं बोलणं गाँकूर बंधू या फ्रेंच लेखकांच्या रोजनिशीत आहे. म्हणून एमा राहते त्या योनव्हिल गावातल्या कंटाळवाण्या दिवसांची पानं गाळू नका. ती गाळली तर निळा उठून दिसणारच नाही.

शेवटी शार्ल एमाला लग्नाच्या पोशाखात पुरायला सांगतो, वर हिरवी मखमल. बायका डोक्यावर फुलांचा मुकुट बसवायला तिचं डोकं किंचित उचलतात, तोंडातून काळा द्रव वाहतो आणि एकजण ओरडते: झगा सांभाळा.